विमानात हवा कमी सोडतात म्हणे

एडमंटन
१९ ऑक्टोबर २००८

प्रिय ट्रिफीमावशी,

उत्तर लिहायचं टाळत होतो, हे आधीच कबूल करतो. तुझ्या पत्रावर आता चहाच्या कपाचे गोल उमटलेत आणि एका कोपऱ्याला जॅम लागलाय. एके दिवशी पेन सापडेना. पेन सापडलं त्या दिवशी खिडकीखाली दोन माणसं गाडी लावायच्या जागेवरून भांडत होती, ती बघत बसलो. एकानं दुसऱ्याच्या काचेवर कॉफी ओतली. छान भांडले.

खरं कारण वेगळंच आहे. तुझ्या लेकीनं मला एकच वाक्य लिहायला सांगितलंय आणि ते कसं लिहावं ते सुचत नव्हतं. वाक्य असं: ‘आईला विचार, येणार आहे की नाही.’

झालं लिहून. शाळेत असतो तर बाईंनी पाठ थोपटली असती, पण नववीतच मी शाळेला आणि शाळेनं मला सोडलं, दोघांनाही त्याचं दुःख नाही.

ग्लेनिस स्वतः का विचारत नाही, असं म्हणशील. अगं, फोनवर तुम्ही दोघी एकमेकींना हवामान सांगता आणि ठेवता. ‘इथं धुकं आहे.’ ‘इथं बर्फ आहे.’ ठक्क. मी सोफ्यावरून ऐकतो ना. (हो, अजून तिच्या सोफ्यावरच आहे. तिचा नवरा वेस्ली पंधरा-पंधरा दिवस तेलाच्या कँपवर असतो, त्यामुळे घरात एक पुरुष असलेला बरा, असं मीच ठरवलंय.) बाळ जानेवारीच्या शेवटी येईल. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे. गेल्या वेळीही असंच म्हणाले होते. गेल्या वेळी ते बाळ राहिलं नाही आणि तूही आली नाहीस. विषय निघाला की ती भांडी जोरात घासते.

माझी नवी नोकरी सांगायची राहिली. कँपच्या स्वयंपाकघरातून निघालो, कारण तिथला मुकादम गायचा. आता विमानतळावर आहे. विमान उतरलं की प्रवासी बाहेर आणि आम्ही आत. कचरा उचला, सीट पुसा, पट्टे सरळ करा, पळा. कंपनीचं नाव लिहीत नाही, पगार अजून व्हायचाय. उन्हाळ्यात इंधन महागलं तेव्हा कंपनीनं विमानातली ब्लँकेटं काढून टाकली. वजन होतं म्हणे. भिंतीवर सूचना लागली: ‘प्रवाशांच्या सोयीसाठी ब्लँकेटं बंद करण्यात येत आहेत.’ आता इंधन धाडकन उतरलंय, पण ब्लँकेटं काही परतली नाहीत. वाट चुकली असतील बिचारी.

तर मावशी, येताना स्वतःचं ब्लँकेट आण. येणार आहेस ना?

तुझा सेल्बी

*

गॅनेट कोव्ह, न्यूफाउंडलंड
३० ऑक्टोबर २००८

चि. सेल्बी,

तुझं पत्र मिळालं. जॅम कुठला होता ते लिहिलं नाहीस. माझा पाठवलेला असेल तर पत्रावर सांडायला नव्हता पाठवला.

मी येत नाही. त्याचं कारण ब्लँकेट नाही. ब्लँकेट माझ्याकडे पुष्कळ आहेत. कारण हवा आहे.

हेडली सोमवारी आला होता, कॉडचे दोन मासे घेऊन. चहा घेताना म्हणाला, ‘ट्रिफी, तुला सांगतो, पण बाहेर बोलू नकोस. विमानात हवा ओढणारी दोन यंत्रं असतात आणि ती इंजिनाच्या जिवावर चालतात. इंजिन खातं इंधन. म्हणून हल्ली पायलट एक यंत्र बंद ठेवतो. निम्मी हवा, निम्मा खर्च.’ मी म्हटलं, आणि माणसं? तर म्हणाला, ‘माणसं झोपतात. तुला काय वाटलं, विमानात सगळे झोपतात ते काय खुर्च्या मऊ असतात म्हणून? झोपलेला माणूस चहा मागत नाही. तिथंही बचत.’

आता हेडलीनं सगळा जन्म गँडरच्या विमानतळावर विमानांत इंधन भरलं. विलायतेला जाणारं प्रत्येक विमान त्याच्या नळीचं पाणी पिऊन गेलंय, म्हणजे पाणी नव्हे, कळलं ना तुला. तो हवेत बोलणार नाही.

मंगळवारी तो स्टोव्हचा पाइप झाडायला आला तेव्हा आणखी एक सांगितलं. चढण्याआधी सगळ्यांना शौचाला जाऊन यायला लावणार आहेत, वजन कमी व्हावं म्हणून. पोस्टातल्या एफीनं ऐकलं आणि तिनं त्यात भर घातली की बायकांना वजनकाट्यावर उभं करून मगच सीट देतात. एफी असल्या बाबतीत तुझ्यासारखीच आहे, शिंक आली तरी तिची गोष्ट होते.

बुधवारी हेडली लाकडं फोडून गेला आणि म्हणाला, आता खिडक्यासुद्धा लहान करणार.

माझी छाती तुला माहीत आहे. धुक्यात शिट्टी वाजते. निम्म्या हवेत माझं काय होईल? ग्लेनिसला समजावून सांग. कारण हवेचं आहे, मनाचं नाही. बाळाचे मोजे आणि टोपी विणून झाली आहे, पार्सलनं पाठवते. पार्सलला श्वास लागत नाही.

तुझी मावशी
ट्रिफी

*

एडमंटन
११ नोव्हेंबर २००८

प्रिय मावशी,

मोजे पोचले. एक मोजा जरा मोठा आहे, पण बाळसुद्धा घराण्यावर गेलं तर एक पाय मोठा असेलच.

तुझी हवा मी तपासून घेतली. आमच्याकडे ओरेस्ट नावाचा मेकॅनिक आहे, युक्रेनियन, लसणीचा वास येतो आणि कुणाशी बोलत नाही. त्याला विचारलं, ‘पायलट प्रवाशांची हवा चोरतात का रे?’ त्यानं पाना खाली ठेवला. मला वाटलं मारतो. म्हणाला, ‘निम्मी हवा गाळून पुन्हा फिरवतात. काही विमानांत गर्दी कमी असली की पायलट थोडी कमी करू शकतो. इंधन वाचतं, चिमूटभर. कुणी मरत नाही.’ मग पुन्हा पाना उचलला आणि म्हणाला, ‘खुर्च्या मात्र खरंच वाईट केल्यात, तो गुन्हा आहे.’ आणि मग खुर्च्यांवर असा सुटला की माझं जेवण राहिलं. नव्या खुर्च्यांची गादी म्हणे पावाच्या कापाएवढी. मी बसून पाहिलं. पाव बरा.

म्हणजे हेडलीकाका अर्धा खरा आहे. हे फार वाईट. माणूस पूर्ण खोटा असला की सोडून देता येतं.

पण मावशे, तुझं पत्र तू लिहिल्यावर वाचलंस का? सोमवारी हेडली, मासे आणि अफवा. मंगळवारी हेडली, पाइप आणि अफवा. बुधवारी लाकडं, खिडक्या आणि अफवा. गुरुवारी त्याची तब्येत बरी नव्हती का? नेलकाकी जाऊन एवढी वर्षं झाली, ब्रॅमकाका जाऊनही झाली. एका विधुराला एका विधवेच्या श्वासाची एवढी काळजी! इथून सगळं स्पष्ट दिसतं. तू एडमंटनला गेलीस तर त्याचा चहा बंद. आपल्या खाडीतून इकडे आल्बर्टाला आलेलं माणूस परत येतं कुठं? माझ्याकडेच बघ. म्हाताऱ्याला भीती आहे, म्हणून तो तुझी हवा बंद करतोय, कंपनी नव्हे.

मी ग्लेनिसला तुझं कारण सांगितलं. जेवताना. आधी ती हसली. चांगली मोकळी हसली, मी खूश झालो आणि खिडक्या लहान करण्याचंही सांगितलं. मग तिनं काटा खाली ठेवला. ‘आणि गेल्या वेळी कुठली हवा कमी होती?’ म्हणाली. आत गेली आणि न्हाणीघरातला नळ सोडला. बराच वेळ चालू होता नळ. मी तिच्या ताटातले बटाटे खाल्ले, कारण काय करावं ते कळेना.

कळवत जा.

सेल्बी

*

गॅनेट कोव्ह
२४ नोव्हेंबर २००८

सेल्बी,

तुझं पत्र वाचून आधी ठरवलं होतं की उत्तर द्यायचं नाही. मग हेडलीबद्दल लिहिलंस ते पुन्हा वाचलं आणि आणखी चिडले. तुझ्या जिभेला हाड नाही हे मला तू बोलायला लागल्यापासून माहीत आहे. पण आता तुला एक सांगते. ग्लेनिसला दाखवू नकोस.

गेल्या वेळी मी निघाले होते.

हेडलीनं मला त्याच्या गाडीतून गँडरला नेलं. नवा कोट होता. बॅग त्यांनी आत घेतली. माझं नाव पुकारलं. बाहेर थंडी होती, वारा होता, मी मैदान ओलांडून शिडीपर्यंत गेले. पहिल्या पायरीवर एक पाय ठेवला. दुसरा आला नाही. वरून विमानातली मुलगी म्हणाली, ‘चला आजी.’ मागे माणसं उभी. एकजण म्हणाला, ‘बाई, चढताय की फोटो काढताय?’ मला आत काळोख दिसत होता आणि माझा श्वास माझ्या कोटातच कुठंतरी अडकला होता. मी वळले. कुणाकडे न बघता चालत परत आले. बॅग माझ्यापेक्षा धीट निघाली, टोरांटोपर्यंत जाऊन आली.

हेडली तिथंच होता. गेला नव्हता. त्यानं दार उघडलं, मी बसले. खाडीच्या उतारावर आलो तेव्हा रस्त्याकडे बघत म्हणाला, ‘ट्रिफी, हल्ली त्या विमानांत हवाच कमी सोडतात. इंधन वाचवायला. उतरलीस ते बरं केलंस.’

खोटं बोलत होता. खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात, शाळेपासून. दुसऱ्या दिवशी त्यानं तेच दुकानात जाऊन सगळ्यांना सांगितलं. आपल्या खाडीत बाई वादळाला भ्याली तर चालतं. नवऱ्याला भ्याली तर सूप आणून देतात. पण शिडीवरून परत आली म्हटलं की ती जन्मभराची करमणूक. तुझ्या मामाचं काय झालं आठवतंय ना? एकदाच होडीत रडला, सतरा वर्षांचा असताना. म्हातारा होऊन मेला तरी लोक त्याला रुमाल देत होते.

हेडलीनं मला कारण दिलं. दोन वर्षं त्या कारणाला तो तेलपाणी करतोय. कुणी ‘लेकीकडे कधी जाणार?’ म्हटलं की मी काही बोलायच्या आत तो खुर्ची पुढं ओढतो आणि हवेचं सुरू करतो. लोक त्याला हसतात, मला नाही. एवढं तुला तिथून दिसलं नाही.

परत आल्यावर चौथ्या दिवशी फोन आला, बाळ गेल्याचा. ग्लेनिस म्हणाली, ‘आई, बाळ गेलं.’ आणि मी म्हटलं, ‘इथं फार धुकं आहे गं.’ माझ्या तोंडून तेच आलं.

बटाटे खाल्लेस ते एक बरं केलंस. वाया जायला नकोत.

मावशी

*

एडमंटन
९ डिसेंबर २००८

प्रिय मावशी,

इथं एवढी थंडी पडलीय की माणसं गाड्यांना गुरांसारखं खुंटीला बांधतात, वायरीनं, इंजिन गोठू नये म्हणून. सकाळी एक बाई वायर काढायला विसरली आणि खुंटीसकट निघाली. ते बघायला मी थांबलो आणि कामावर उशिरा पोचलो. हे सगळं यासाठी लिहितोय की मुद्द्यावर यायला मला भीती वाटते.

हेडलीकाकाबद्दल लिहिलं ते मागे घेतो. त्याला सांगू नकोस की मी काही म्हणालो होतो. म्हणजे तो विचारणार नाही म्हणा.

तुझं पत्र ग्लेनिसला दाखवलं नाही. सोफ्यावर राहिलं होतं, एवढंच. सोफा तिचा आहे.

ती बरी आहे. पोट एवढं झालंय की फ्रिजचं दार उघडायला तिला बाजूनं यावं लागतं. भांडी आता हळू घासते. मध्येच फोनवर कुणाशी तरी कुजबुजते. मी आलो की ठेवते. म्हणते, राँग नंबर. काल राँग नंबर अर्धा तास चालला. वेस्ली पण विचित्र वागतोय. मी म्हटलं, नाताळला टर्की आणू? तर दोघं एकमेकांकडे बघून म्हणाले, ‘लहान आण.’ माझ्या खाण्यावर डोळा, दुसरं काय. इंधन बचत इथंही सुरू झाली.

आता मुद्दा. मी विमानं साफ करतो. माणसं उतरून गेल्यावर त्यांनी काय मागे ठेवलं ते मला दिसतं. रोज दोन-चार सीटच्या हातांवर नखांच्या खुणा असतात. खोल, ओळीनं. आम्ही त्या कापडानं घासतो आणि त्या जात नाहीत. सीटच्या खिशात जपमाळा सापडतात, संतांची चित्रं, एकदा एका माणसानं वर्तमानपत्राच्या कडेला ‘देवा देवा देवा’ पानभर लिहिलं होतं. एका सीटवर एका पायाचा बूट. कसा विसरला असेल, विचार कर. एका बुटानं चालत गेला एडमंटनमध्ये.

मला आधी वाटायचं, विमानात बसतात ती न घाबरणारी माणसं. तसं नाहीये, मावशी. घाबरलेली बसतात. नखं रोवून बसतात आणि पोचतात. कंपनीनं ब्लँकेट काढलं, गादी काढली, पाणी निम्मं केलं, पण भीतीचं वजन काही तिला कमी करता आलेलं नाही. ती आजही फुकट नेतात.

ये असं म्हणत नाही. पण घाबरत आलीस तरी चालेल. सीटचा हात मी नंतर घासीन.

मला नाताळात रजा नाही. ज्याला घरी जायचंय त्याचा कचरा उचलायला कुणीतरी हवं.

तुझा
सेल्बी

*

गॅनेट कोव्ह
२७ डिसेंबर २००८

चि. सेल्बी,

तुझ्या त्या नखांनी माझी झोप घालवली. अंथरुणात पडून मी ब्रॅमच्या जुन्या खुर्चीचा हात आठवत राहिले. त्यालाही खुणा होत्या. मासे विकले जात नव्हते त्या वर्षीच्या. तो काय घाबरत नव्हता? पण सकाळी उठून होडीत बसायचा.

तर ऐक. मी येतेय. ठरवलंय. काल हेडलीला सांगितलं, ‘तीन तारखेचं तिकीट काढून आण, आणि हवेचं काही बोलशील तर तुझा चहा खरंच बंद.’ तो ‘हो, हो, बघतो, गँडरला काम आहेच’ असं काहीतरी पुटपुटला आणि गेला. कान लालभडक. मला वाटलं, वाईट वाटलं असेल त्याला. आज सकाळपासून पत्ता नाही त्याचा. गाडीही नाही.

बॅग भरून ठेवली आहे. तीच, टोरांटो बघून आलेली. ग्लेनिसला अजून सांगू नकोस. शिडीवर दुसरा पाय पडेपर्यंत मला कुणाला शब्द द्यायचा नाही. तू फक्त त्या दिवशी विमानतळावर राहा, आणि मी उतरले नाही तर गुपचूप घरी जा.

थांब, दार वाजलं. आपल्याकडे दार वाजवून येतो तो एकतर पोलीस, नाहीतर नाताळात तोंड झाकून घरोघरी फिरणारं सोंग. बघून येते.

सोंगंच होती. दोन. बाहेरून तो श्वास आत ओढून काढलेला चिरका आवाज, ‘सोंगांना घेता का आत?’ मी म्हटलं, या, पण बूट झटका. एक उंच, एक गोल. उंच सोंगानं नेलचा फुलाफुलांचा झगा चढवला होता, खाली मासेमारीचे रबरी बूट, डोक्यावरून तोंडापर्यंत चिमणीवरचा डबा. हे तर आंधळ्यानंही ओळखावं. ‘हेडली,’ मी म्हटलं, ‘तिकीट आणलंस की नुसताच नटून आलास?’ ओळखलं की तोंड उघडं करायचं असतं, त्यानं डबा काढला. आणि केक उचलला.

दुसरं सोंग काही बोलेना. अंगात कुणाचा तरी प्रचंड रेनकोट, हातांत पुरुषी मोजे, तोंडावर जाळीचा पडदा. मी म्हटलं, नाच. मान हलवली, नाही. सरबत दिलं, ते पडद्याखालून घटाघट प्यायलं. मी म्हटलं, बस बाई. तर खुर्चीत अशी सावकाश, मागे हात टेकून बसली की मला हसूच आलं. आपल्या खाडीत असं सोंग एकच घेतं. एफी दरवर्षी कोटाखाली दोन उशा कोंबते आणि तिला वाटतं कुणी ओळखत नाही.

‘एफी,’ मी म्हटलं, ‘यंदा उशी जरा जास्तच ठासलीस!’ आणि त्या पोटावर चांगला हात ठेवून दाबलं.

सेल्बी, उशीनं आतून लाथ मारली.

माझा हात तिथंच राहिला. हेडली छताकडे बघत होता. पडद्याच्या आतून आवाज आला, आता सोंगाचा नाही, साधा, श्वास बाहेर सोडत:

‘डॉक्टरची चिठ्ठी दाखवून बसले गं, आई. हवा होती विमानात. पुरली दोघांना.’

तुझा तो अर्ध्या तासाचा राँग नंबर इथं माझ्या खुर्चीत बसून दुसरा तुकडा खातोय, आणि झगा काढायला तयार नाही. वेस्ली रजा मिळाली की येणार आहे. पत्र आता कसलं लिहितेय मी, शाई सांडली. ग्लेनिस आली आहे.